रुमाल टाकलेल्या खुर्च्या

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची विद्या ज्याला येत नाही, असा मराठी माणूस विरळाच. गाडी फलाटाला लागते, आपण दाराशी धक्के खात असतो आणि आपला रुमाल मात्र खिडकीशेजारी आधीच ऐसपैस बसलेला असतो. नोकरीनिमित्त बंगळुरूला आलो, एसटी सुटली, पण रुमाल काही सुटला नाही. ऑफिसात तो खुर्चीला अडकवलेलं जॅकेट होऊन येतो, डेस्कवरची पाण्याची बाटली होऊन येतो आणि मीटिंग रूमच्या कॅलेंडरवर ‘रोज १० ते १’ अशी लांबलचक पट्टी होऊन बसतो.

मल्लेश्वरममध्ये हे जास्तच जाणवतं, कारण इथली ऑफिसं आटोपशीर. पश्चिमेच्या कडेला, डॉ. राजकुमार रोडवर, वर्ल्ड ट्रेड सेंटरचा टॉवर आहे. तिथल्या कंपन्यांकडे जागेचा हिशेब ठेवायला वेगळी माणसं असतात. आतल्या क्रॉस रस्त्यांवर मात्र एखाद्या जुन्या बंगल्याचा वरचा मजला, दुकानांच्या डोक्यावरची पन्नास-साठ खुर्च्यांची जागा, सीएचं नाहीतर छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस. बुधवारी सकाळी अकराला बसायला जागा नाही म्हणून कुरकुर सुरू होते आणि मालक शेजारच्या इमारतीतला आणखी एक मजला बघायला निघतो. शुक्रवारी त्याच ऑफिसात पंख्यांचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता असते.

हा लेख त्या मालकासाठी आणि त्याच्या ॲडमिनसाठी आहे. खुर्चीवर माणूस आहे की रुमाल, हे ओळखणारे सेन्सर आता सहज मिळतात. ते कोणते घ्यावे, कुठे लावावे, त्यांचे आकडे कसे वाचावे आणि मुख्य म्हणजे ते बघून ऑफिसातली माणसं बिथरू नयेत म्हणून काय करावं, ते क्रमाने पाहू.

आधी दोन आठवडे पायी फिरा

सेन्सर विकणारा तुमच्याकडे येईल तेव्हा तो पहिल्यांदा प्लॅन मागेल आणि किती नग लागतील ते सांगेल. त्याला दोन आठवडे थांबवा. आधी प्रश्न कागदावर लिहा, आणि एकच लिहा. ‘जागा नीट वापरायची आहे’ हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. ‘पुढच्या वर्षी पंधरा माणसं वाढणार आहेत, ती याच मजल्यावर मावतील का?’ हा प्रश्न. ‘मीटिंग रूम मिळत नाही असं सगळे म्हणतात, ते खरं आहे का?’ हाही प्रश्न. ‘संध्याकाळी सातनंतर दिवे आणि एसी कोणासाठी चालू असतात?’ हा तिसरा. तिन्हींची उत्तरं देणारे सेन्सर वेगवेगळे आहेत. प्रश्न न ठरवता सेन्सर घेतले, की आकड्यांचा ढीग पडतो आणि त्यातून काही उचलता येत नाही.

मग मजल्याचा नकाशा छापून घ्या आणि दोन आठवडे, रोज चार ठरलेल्या वेळी, कोणीतरी एक फेरी मारावी. प्रत्येक डेस्कपुढे तीनपैकी एक खूण करायची: माणूस, सामान किंवा रिकामं. मधली खूण महत्त्वाची. सामान म्हणजे आपला रुमाल. जॅकेट आहे, बॅग आहे, लॅपटॉप उघडा आहे, पण माणूस नाही. तो चहाला गेला असेल, मीटिंग रूममध्ये असेल किंवा सकाळी जागा धरून दुपारी क्लायंटकडे गेला असेल. एका फेरीत हे कळत नाही. सलग दोन फेऱ्यांत, म्हणजे दोनेक तास, तीच बाटली तशीच उभी दिसली की तो रुमाल पक्का.

या कामात साफसफाई करणाऱ्या अक्कांना जरूर विचारा. कोणत्या डेस्कवर कपाचे डाग पडतच नाहीत, कुठली कचऱ्याची टोपली रोज रिकामीच निघते, हे त्यांना तोंडपाठ असतं. रविवारी सकाळी मार्गोसा रोडवरच्या सीटीआर हॉटेलात बेण्णे, म्हणजे लोणी डोशासाठी उभं राहून पाहा. कोणत्या टेबलावरचा शेवटचा घास चालू आहे हे वेटरला मान न वळवता कळतं आणि तो नेमका तिथेच पुढच्या माणसाला धाडतो. सेन्सरकडून आपल्याला एवढंच हवं आहे: त्या वेटरची नजर, पण दिवसभर आणि सगळ्या टेबलांवर.

या पायी फेरीचा आणखी एक उपयोग पुढे होतो. सेन्सर बसल्यावर तो खरं सांगतो की खोटं, हे तपासायला तुमच्याकडे हाताने मोजलेला ताळा असतो.

कोणता सेन्सर काय पाहतो

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दिसणारा तो पीआयआर. छतावर पांढरी, जाळीदार घुमटी असते ती. माणसाच्या अंगातून उष्णतेचे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. घुमटीवरच्या भिंगाचे अनेक छोटे भाग समोरच्या जागेचे पट्टे पाडतात. उबदार अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं, की आतल्या घटकाला फरक जाणवतो. म्हणजे पीआयआर माणूस पाहत नाही, तो हालचाल पाहतो. म्हणूनच चार जण टेबलाशी मान खाली घालून करार वाचत बसले, की दिवे जातात आणि सगळे मिळून आरतीला ओवाळावं तसे हात हलवायला लागतात. हा प्रसंग मी इतक्या वेळा अनुभवला आहे की आता कोणी हसतही नाही. पीआयआरला काचेपलीकडचं आणि पार्टिशनमागचंही दिसत नाही. स्वच्छतागृहात दाराशी एकच पीआयआर लावला, तर आत बसलेल्या माणसावर अंधारात चाचपडायची पाळी येते.

अल्ट्रासॉनिक सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीतला बदल ओळखतो. पार्टिशनच्या आडची हालचालही त्याला कळते, म्हणून स्वच्छतागृहासाठी तो बरा. पण एसीचा झोत, हलणारा पडदा किंवा पंखा यांनाही तो माणूस समजू शकतो. मल्लेश्वरमच्या जुन्या इमारतींत छताला पंखे असतातच, हे लक्षात ठेवा. पीआयआर आणि अल्ट्रासॉनिक एकत्र असलेले दुहेरी सेन्सर मिळतात. दिवा लावताना दोघांचं एकमत लागतं आणि चालू ठेवायला एकाचा होकार पुरतो, अशी सेटिंग बहुतेक खोल्यांत ठीक चालते.

तिसरा रडार. मिलिमीटर लहरींचा हा सेन्सर इतका सूक्ष्म असतो की स्वस्थ बसलेल्या माणसाची श्वासाने होणारी छातीची हालचालही त्याला जाणवते. करार वाचणाऱ्या चौघांना तो अंधारात टाकणार नाही. त्याचा दोष उलटा आहे. त्याच्या लहरी प्लायवूड, जिप्सम आणि काचेच्या पार्टिशनमधून पलीकडे जातात आणि शेजारच्या खोलीतला माणूसही तो आपल्याच खात्यात धरतो. त्याची कक्षा खोलीच्या मापाची बांधून घेतल्याशिवाय बिल देऊ नका.

चौथा उष्णताचित्राचा सेन्सर. त्याचं चित्र अगदी ढोबळ, काहींचं तर आडवे आठ आणि उभे आठ, असे अवघे ६४ ठिपके. चेहरा ओळखता येणं शक्यच नाही, पण खोलीत गरम ठिपके तीन आहेत की सात, ते कळतं. मीटिंग रूममध्ये ‘कोणी आहे का’ यापेक्षा ‘किती जण आहेत’ हे हवं असेल, तर हा उपयोगी. मात्र ऊन थेट टेबलावर पडत असेल किंवा गरम प्रोजेक्टर शेजारी असेल, तर त्याची गफलत होते.

पाचवा दारावरचा मोजणारा. आत किती गेले, बाहेर किती आले, वजाबाकी केली की आत किती उरले. हिशेब सोपा, पण दोन माणसं खांद्याला खांदा लावून गेली तर कधी एकच धरली जाते. अशा चुका दिवसभर साचतात आणि संध्याकाळी कुलूप लावल्यावरही आत चार जण असल्याचं आकडे सांगतात. म्हणून रोज मध्यरात्री आकडा शून्यावर आणायची सोय हवीच. संपूर्ण मजल्यावर किती माणसं आहेत एवढंच विचारायचं असेल, तर दारं एक-दोनच असलेल्या छोट्या ऑफिसला हा सर्वांत किफायतशीर मार्ग.

कार्बन डायऑक्साइड मोजून माणसांचा अंदाज घेणारेही आहेत. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम असतो; बंद खोलीत माणसं बसली की चढत जातो. पण तो सावकाश चढतो आणि माणसं गेल्यावर सावकाशच उतरतो. शिवाय खिडक्या उघड्या ठेवून काम करायची चैन बंगळुरूच्या हवेत परवडते, आणि खिडकी उघडली की हा हिशेब कोलमडतो. गर्दी मोजायला हा घेऊ नका. बंद मीटिंग रूममध्ये हवा कोंदटली आहे का हे कळायला मात्र तो उत्तम: आकडा हजाराच्या वर जाऊन तिथेच राहिला, तर बैठकीत येणाऱ्या जांभयांचा सगळा दोष बोलणाऱ्याला देऊ नका.

कॅमेऱ्याचा मार्गही आहे. चित्र आतल्या आत तपासून फक्त आकडा बाहेर पाठवणारे कॅमेरे मिळतात आणि अचूकही असतात. तरीही साठ माणसांच्या ऑफिसात मी ते सुचवत नाही. कॅमेरा फक्त मोजतो आहे, यावर त्याच्याखाली बसणाऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

लावताना होणाऱ्या चुका

बहुतेक सेन्सर वाईट नसतात, वाईट जागी असतात. एसीच्या तोंडापासून लांब लावा. खिडकीच्या उन्हाकडे तोंड करू नका. खोलीतल्या पीआयआरची नजर उघड्या दारातून पॅसेजमध्ये जाणार नाही असं पाहा. नाहीतर बाहेरून जाणारा प्रत्येक जण आतले दिवे लावत जाईल. नंतर पार्टिशन हललं, कपाट आलं, की सेन्सरची नजर पुन्हा तपासा.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबायचा वेळ. शेवटची हालचाल दिसल्यावर सेन्सर किती मिनिटं ‘माणूस आहे’ असं धरून चालतो, तो हा वेळ. तो दोन मिनिटांचा ठेवला तर वीज वाचते आणि माणसं वैतागतात. अर्ध्या तासाचा ठेवला तर माणसं खूश आणि आकडे फुगलेले. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी केंद्राची जी ऊर्जा संवर्धन संहिता २०१७ साली सुधारली गेली, तिने माणूस निघून गेल्यावर १५ मिनिटांच्या आत दिवे बंद व्हावेत असं माप धरलं आहे. तुमची इमारत त्या संहितेत बसत नसली, तरी दिव्यांसाठी हे माप वापरायला हरकत नाही. पण जागेच्या वापराचे आकडे काढताना हा थांबायचा वेळ वजा करा. नाहीतर पाच मिनिटं फोनवर बोलून गेलेला माणूस वीस मिनिटं बसला होता असं दिसेल.

उजेड भरपूर असलेल्या खोल्यांत एक साधी युक्ती करा: दिवा लागेल हाताने, बंद होईल आपोआप. सकाळच्या उन्हात खोलीत शिरल्याबरोबर विनाकारण दिवे लागणं थांबतं. एसीबाबत मात्र घाई नको. खोली रिकामी झाली की लगेच बंद, कोणी आलं की लगेच चालू, असं केल्याने कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन त्याचं आयुष्य घटतं. रिकाम्या खोलीत तापमान दोन-तीन अंशांनी वर सरकवणं बरं. नव्या रूम एसींचं मूळ सेटिंग सरकारने २०२० पासून २४ अंश केलं आहे. तिथून २६-२७ वर सरकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही, कारण तिथे कोणी नसतंच.

बिनतारी सेन्सर घेत असाल तर ते कोणत्या लहरींवर बोलतात ते विचारा. लोरावॅन जातीचे सेन्सर आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यात चालतात. परदेशातून ऑनलाइन मागवलेला नग युरोप-अमेरिकेच्या पट्ट्यावरचा निघाला, तर तो इथे कामाचा नाही.

आकडे वाचायचे कसे

हिशेब समजावा म्हणून एक नमुन्याचं ऑफिस धरू. ६० डेस्क, ८४ माणसं, काही दिवस घरून काम. दिवसातल्या सर्वांत गर्दीच्या वेळी भरलेली डेस्कं समजा अशी आहेत: सोमवारी ३३, मंगळवारी ४६, बुधवारी ५१, गुरुवारी ४७, शुक्रवारी २२. सरासरी काढली तर जवळपास ४०.

इथेच पहिला खड्डा आहे. सरासरी ४० म्हणजे २० डेस्कं जास्तीची, ती काढून टाका, असं कोणीतरी हमखास सुचवतं. तसं केलं तर आठवड्यातले तीन दिवस माणसं लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यात बसतील. नदीची सरासरी खोली तीन फूट आहे म्हणून चालत पार करायला जाऊ नये, तसंच हे. डेस्कं ठरवायची ती सर्वसाधारण आठवड्यातल्या गर्दीच्या दिवसावर, थोडी मोकळीक ठेवून. दिवाळीच्या फराळाला सगळे आले होते तो दिवस त्यात धरायचा नाही.

दुसरा खड्डा याच्या उलट. बुधवारी ६० पैकी ५१ भरली आणि वर काही रुमालही आहेत, म्हणजे ऑफिस तुडुंब. नवा मजला घ्या. थांबा. आठ जणांच्या एका टीमला बुधवारऐवजी सोमवारी बोलावलं, तर बुधवार ४३ वर येतो आणि सोमवार ४१ वर जातो. आता सर्वांत गर्दीचा दिवस गुरुवार, ४७. उद्या ८४ ची १०० माणसं झाली आणि येण्याचा रिवाज असाच राहिला, तर गुरुवारी साधारण ५६ डेस्कं लागतील. ती तुमच्याकडे आहेत. ज्या मजल्याचं भाडं आणि डिपॉझिट तुम्ही मोजायला निघाला होता, तो एका टीमचा वार बदलून वाचला. बंगळुरूच्या बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरा येतो तेव्हा म्हणतात ना, ‘स्वल्प अड्जस्ट माडि’, म्हणजे थोडं सांभाळून घ्या. ते आंधळेपणाने म्हटलं तर वैताग, आकडे पाहून म्हटलं तर नियोजन.

मीटिंग रूमचं दुखणं बहुतेक वेळा संख्येचं नसतं, मापाचं असतं. कॅलेंडर म्हणतं, बारा खुर्च्यांची खोली दिवसभर भरलेली. माणसं मोजणारा सेन्सर म्हणतो, त्यात बहुतेक वेळ दोघं किंवा तिघं, नाहीतर एकटा माणूस दार लावून फोनवर. म्हणजे कमतरता मोठ्या खोलीची नाही, छोट्या खोल्यांची आणि फोनवर बोलायच्या कोपऱ्यांची आहे. बाराची एक खोली मोडून सहाची एक आणि दोन फोन बूथ केले, की कुरकुर निम्म्यावर येते.

आणि तो ‘रोज १० ते १’ वाला रुमाल? त्यावर साधा नियम करा. बुकिंगची वेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि खोलीत कोणी नाही, तर बुकिंग आपोआप रद्द. खोली सर्वांना खुली. एसटीत कंडक्टर रुमाल बाजूला सारून उभ्या माणसाला बसवतो, तेच काम सेन्सर मुकाट्याने करतो. नियम लागू करण्याआधी महिनाभर फक्त सूचना पाठवा, रद्द करू नका. लोकांना सवय लागायला वेळ द्या.

सहा ते आठ आठवडे आकडे जमू द्या, मगच निर्णय घ्या. त्यात सलग सुट्ट्यांचा आठवडा असेल तर तो वेगळा काढा. आणि पहिल्या पंधरवड्यात पायी फेऱ्यांशी ताळा करा: सेन्सर ४३ म्हणतो आणि तुम्ही ४२ मोजले, तर उत्तम; तुम्ही ३५ मोजले, तर आधी सेन्सर नीट करा, ऑफिस नंतर.

माणूस नव्हे, जागा मोजा

आता सर्वांत नाजूक भाग. जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राच्या पत्रकारांना सोमवारी सकाळी आपापल्या डेस्कखाली छोट्या काळ्या पेट्या चिकटवलेल्या दिसल्या. कोणी काही सांगितलेलं नव्हतं. पेटीवरचं नाव इंटरनेटवर शोधल्यावर कळलं, की खुर्चीत कोणी आहे का हे टिपणारं ते यंत्र आहे. व्यवस्थापनाने वीज आणि जागेचा वापर अशी कारणं दिली. पण बातमी फुटली, संघटनेने आक्षेप घेतला आणि त्याच दिवशी पेट्या काढाव्या लागल्या. २०२२ साली बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातही संशोधक विद्यार्थ्यांच्या डेस्कखाली असेच सेन्सर लागले. विद्यार्थ्यांनी ते उपटून काढले आणि विद्यापीठाला ते मागे घ्यावे लागले. दोन्हीकडे यंत्र चांगलं होतं. ते न सांगता लावलं, आणि थेट माणसाच्या मांडीशी लावलं, हे चुकलं.

याउलट ॲमस्टरडॅमची ‘द एज’ ही इमारत पाहा. डेलॉइटचं ऑफिस असलेल्या या इमारतीत सुमारे २८ हजार सेन्सर आहेत आणि अडीच हजार माणसं साधारण हजार डेस्कं वाटून घेतात, असं तिचं वर्णन जगभर झालं. तिथल्या माणसाला सेन्सरमुळे स्वतःसाठी काहीतरी मिळतं: मोकळी जागा सापडते, आपल्यापुरता उजेड आणि तापमान ठरवता येतं. आपल्याला २८ हजार नको आहेत, पण धडा तोच. सेन्सरचा पहिला फायदा बसणाऱ्याला दिसला पाहिजे, मालकाला नंतर.

आपल्याकडे याला कायद्याचीही बाजू आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते, म्हणजे आपल्या याच शहराशी नातं असलेले. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. गंभीर उल्लंघनाला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ‘तिसऱ्या ओळीत सात डेस्कं भरलेली आहेत’ हा आकडा जागेचा. ‘तिसऱ्या ओळीतली अमुक बाई ११.४० ला उठून १२.१० ला आली’ हा आकडा माणसाचा, आणि तो हातात घेतलात की कायद्याच्या जबाबदाऱ्याही हातात येतात. ठरलेल्या डेस्कवर एकच माणूस रोज बसत असेल, तर नाव न लिहिताही तो आकडा त्याचाच होतो, हे विसरू नका. म्हणून पुढचे नियम पाळा.

लावण्याआधी सगळ्यांना एकत्र बोलवा, एक सेन्सर उघडून हातात द्या, तो काय टिपतो आणि काय टिपत नाही ते दाखवा. सूचना इंग्रजीत लावाल तशी कन्नडमध्येही लावा. सुरक्षारक्षक आणि अक्काही याच ऑफिसात वावरतात. आकडे एकेका डेस्कचे न दाखवता आठ-दहा डेस्कांच्या गटाचे दाखवा. हजेरीच्या कार्डाशी, पगाराशी किंवा वार्षिक मूल्यमापनाशी ते कधीही जोडू नका, आणि हे तोंडी न सांगता लेखी द्या. स्वच्छतागृहात दिव्यापलीकडे काहीही मोजू नका. आकडे किती महिने ठेवणार ते ठरवा आणि मुदत संपली की खरोखर पुसा. आणि तोच तक्ता, जो मालक पाहतो, भिंतीवरच्या पडद्यावर सर्वांना दिसू द्या. सगळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीची भीती लवकर जाते.

विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न

सेन्सरची किंमत एकदाच द्यायची आहे की दरवर्षी प्रत्येक नगामागे भाडं आहे? भाडं थांबवलं तर सेन्सर चालू राहतो की मुका होतो? आकडे कोणाच्या मालकीचे, कोणत्या देशातल्या सर्व्हरवर, आणि ते साध्या एक्सेलमध्ये आपल्याला उतरवून घेता येतात का? बॅटरी किती वर्षं चालते, आणि हा दावा दर मिनिटाला आकडा पाठवण्यावर आहे की तासाला? नेट गेलं तर दिवे चालतात का? सगळ्या मजल्यावर लावण्याआधी एका खोलीत महिनाभर लावून बघता येईल का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

साठ डेस्कांच्या ऑफिससाठी माझा क्रम असा: आधी दारावर एक मोजणारा, मग प्रत्येक मीटिंग रूममध्ये एक, मग दिव्यांसाठी दुहेरी सेन्सर. डेस्कांवरचे सर्वांत शेवटी, आणि खरोखर प्रश्न अडला तरच. बहुतेक ऑफिसांना तिथवर जावं लागत नाही.

आणि एक रिकामं डेस्क

मल्लेश्वरम वसलंच गर्दीच्या प्रश्नातून. १८९८ च्या प्लेगच्या सुमारास दाटीवाटीच्या पेठांतून माणसांना मोकळ्या हवेत हलवण्यासाठी शहराने ज्या नव्या वसाहती आखल्या, त्यांतली ही एक. रुंद रस्ते, क्रमांकाचे क्रॉस, घरांमागच्या गल्ल्या. ज्यांनी ती आखली त्यांनी घरं मोजताना उजेड आणि वाराही मोजले होते. ऑफिसच्या जागेचा हिशेबही तसाच असावा, कारण सेन्सरचा तक्ता फक्त ‘कुठे’ आणि ‘किती’ सांगतो, ‘का’ ते सांगत नाही.

माझ्या पाहण्यातल्या प्रत्येक ऑफिसात एक असं डेस्क असतं जे गर्दीच्या बुधवारीसुद्धा रिकामं असतं. तक्त्यात तिथे रोज पांढरा चौकोन. तक्ता बघणारा म्हणतो, हे जास्तीचं आहे, काढून टाका. एकदा मी तसं करण्याआधी त्या खुर्चीत जाऊन बसलो. दहा मिनिटांत मान आखडली: एसीचा झोत सरळ मानेवर येत होता. शेजारच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “इथे कोणीच बसत नाही सर, सगळ्यांना माहीत आहे.” सगळ्यांना माहीत होतं, फक्त तक्त्याला नव्हतं. आम्ही झोताची पट्टी वळवली. दोन दिवसांनी त्या खुर्चीवर एक जॅकेट लटकलेलं दिसलं.